फ्लेमस्ट्राईक असेल तर?

बदाम सातच्या डावात किलवरची सत्ती दाबून बसणारा एक इसम तुमच्याही घरात होऊन गेला असेल. सगळ्यांचे पत्ते अडकलेत, आजी कंटाळून वाती वळायला उठून गेली, तरी हा गालातल्या गालात हसत सत्ती कुरवाळतोय. हा माणूस पुढे मोठा होतो, आयटीत लागतो आणि फोनवर हार्थस्टोन खेळू लागतो. आमच्या ऑफिसात त्याला सेनापती म्हणतात.

हार्थस्टोन हा ब्लिझर्डने 2014 साली काढलेला पत्त्यांचा डिजिटल खेळ. 30 पत्त्यांचा डेक आपला आपण जुळवायचा. दोघांचे प्राणही 30. पहिल्या चालीला एक माना, म्हणजे पत्ता टाकायचं भांडवल, दुसरीला दोन, असं वाढत वाढत दहापर्यंत जायचं आणि त्या मानाच्या जोरावर मिनियन, म्हणजे आपले शिपाई, मैदानात उतरवून समोरच्याला झोडपायचं. आता समोर ‘मेज’ म्हणजे जादूगार असेल, तर सातव्या चालीला त्याच्याकडून फ्लेमस्ट्राईक येऊ शकतो. हा पत्ता पडला की आपल्या सगळ्या मिनियनना एकदम चटका बसतो, किरकोळ असतील ते जागीच खलास. म्हणून शहाणा खेळाडू सहाव्या चालीला सगळी फौज बाहेर काढत नाही, दोनतीन मोहरे हातात राखतो.

इथवर शहाणपण आहे. सेनापती मात्र फ्लेमस्ट्राईकला दुसऱ्या चालीपासून भितो. तेव्हा समोरच्याकडे दोन माना असतात. एकदा तर समोर वॉरियर होता, ज्याच्या डेकमध्ये हा पत्ता घालताच येत नाही, तरी सेनापतीचे मोहरे हातातच. मी म्हटलं, “अरे, टाक की!”

“आणि फ्लेमस्ट्राईक असेल तर?”

“वॉरियरकडे?”

“कुठून तरी रँडम मिळाला असेल तर?”

खरं म्हणजे अशी रँडम दानं देणारे पत्ते या खेळात आहेत, त्यामुळे वाद घालता येत नाही. सेनापतीशी कधीच घालता येत नाही, हा त्याचा सर्वांत वाईट गुण. एका चालीला साधारण 75 सेकंद मिळतात, वेळ संपत आली की पटावर एक दोर जळू लागतो. सेनापतीला विचार सुचतो तो दोर पेटल्यावर. समोरचा अनोळखी खेळाडू पार जपान-कोरियात असला तरी त्याच्या जांभया आम्हाला इकडे हिंजवडीच्या कँटीनमध्ये ऐकू येतात.

हातात दहापेक्षा जास्त पत्ते मावत नाहीत, हा या खेळाचा खवचट नियम. अकरावा ओढलात की तो दोघांच्या डोळ्यांदेखत जळून जातो. राखून ठेवण्याच्या नादात सेनापतीचे कितीतरी उत्तम पत्ते असे जळालेत. विचारलं तर म्हणतो, “जळू दे. हातात काय आहे, ते तर त्याला कळलं नाही ना!”

हे फोनपुरतं असतं तर मी लिहायला बसलो नसतो. लग्नाच्या पंगतीत हा पहिल्या वाढपाला ताटावर हात आडवा धरतो, कारण पुढे काय येतंय ते कळलेलं नसतं. मठ्ठा येईपर्यंत जिलबी संपलेली असते. हापूसची पेटी घरात आली की अचानक येणाऱ्या पाहुण्यांसाठी डझनभर बाजूला. पाहुणे येत नाहीत, चिलटं येतात. रजा तर तो आजारपणासाठी जपतो, आणि तब्येत अशी ठणठणीत की मार्च उजाडतो, उरलेल्या रजा बुडतात आणि एचआरची मेल येते. आम्ही कोरसमध्ये ओरडतो, “अकरावा पत्ता जळाला!”

त्याच्या सुधारणेचे प्रयत्न झाले. मायकेल फ्लोरेस या खेळाडूने 1999 मध्ये ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या कागदी पत्त्यांच्या खेळावर एक लेख लिहिला होता, डिजिटलवाले आजही तो वाचतात. दोन डेक भिडले की एकाने चढाई करायची असते आणि दुसऱ्याने थोपवायचं असतं. आपण यातले कोण हे ओळखण्यात चूक झाली की डाव गेला, असं त्याचं म्हणणं. मी तो लेख सेनापतीला पाठवला. त्याने मन लावून वाचला. “पटलं. मी थोपवणारा.”

“कायम?”

“समोरचा कोण आहे ते कळेपर्यंत तरी.”

2018 च्या जकार्ता एशियाडमध्ये ई-स्पोर्ट्स प्रात्यक्षिक म्हणून घेतले होते आणि भुजच्या तीर्थ मेहताने हार्थस्टोनमध्ये भारताला कांस्यपदक मिळवून दिलं. ते अधिकृत पदकतक्त्यात धरलं नाही, पण आमच्या कँटीनने धरलं. सगळे खूश. सेनापती एवढंच म्हणाला, “आपण अजून सगळं दाखवलेलं नाही.” आपण म्हणजे कोण, हे विचारायचं आम्ही टाळलं.

मग मागच्या पावसाळ्यात कंपनीने एका सकाळी आमची अर्धी टीम व्हिडिओ कॉलवर घरी पाठवली. कोणाचा फ्लॅटचा हप्ता चालू, कोणाची बायको बाळंतपणाला. सगळ्यांनी सगळी फौज मैदानात काढून ठेवलेली. सेनापतीचंही नाव यादीत होतं. दुपारी त्याने एक एक्सेलची फाईल उघडली. ज्या ज्या रिक्रूटरने त्याला कधीकाळी फोन केला आणि ज्याला याने “नंतर बघू” म्हणून ठेवलं, त्या सगळ्यांचे नंबर, तारखांसकट. पुढचे काही दिवस तो एकेकाला फोन करून ते नंबर वाटत होता. त्यातला सगळ्यात भारी नंबर त्याने, ज्याची बायको दवाखान्यात होती, त्याला दिला. मी म्हटलं, “स्वतःला काय ठेवलंस?” तर म्हणे, “आहेत अजून.”

नव्हते. पुढचे काही महिने तो घरीच होता.

त्या काळात आम्ही रात्री फोनवरून एकमेकांशी खेळायचो. मी नेहमीच मेज घेऊन खेळतो आणि माझ्या डेकमध्ये फ्लेमस्ट्राईक नाही. कधीच नव्हता. मला तो संथ वाटतो. हे त्याला मी कधी सांगितलं नाही, आणि तो बापडा इतकी वर्षं त्या पत्त्याला टाळत आला. एका रात्री त्याचा आवाज फारच पडलेला वाटला. मी डेक उघडला, माझे दोन लाडके पत्ते काढले आणि दोन फ्लेमस्ट्राईक घातले.

सातवी चाल आली. समोर त्याचा एकुलता एक मिनियन उभा होता. एवढ्याशा जिवावर फ्लेमस्ट्राईक टाकणं हा शुद्ध अडाणीपणा, पण टाकला. फोनच्या स्पीकरवर क्षणभर काही नाही, आणि मग अशी आरोळी आली की त्याच्या घरातले उठले असणार.

“बघ! बघ! सांगत नव्हतो? आणि सहा हातात ठेवलेत मी! सहा!”

“मानलं बुवा,” मी म्हटलं.

ते सहाही हातात तसेच ठेवून पुढच्या तीन चालींत तो हरला. आणि लगेच, “आणखी एक डाव?”