घाटावरचा हशा, घाटाखालचा हशा

(रंगमंचावर एक खुर्ची, पाण्याचा तांब्या. कलावंत खांद्यावर उपरणं टाकून येतो, माइकवर टिचकी मारतो. माइक किंचाळतो. प्रेक्षक हसतात.)

घ्या, पहिला हशा माइकनं नेला!

नाटकात बरं असतं. एक जण वाक्य विसरला तर दुसरा खोकतो, तिसरा "चहा टाकू का?" म्हणून वेळ मारून नेतो. एकपात्री करणारा विसरला की खोकायचंही त्यानंच आणि चहाचं विचारायचंही स्वतःलाच. त्यात तो बुलढाणा जिल्ह्यात फिरणारा असेल तर विचारूच नका. तालुके 13, पण प्रेक्षक दोनच: घाटावरचे आणि घाटाखालचे.

(खुर्चीच्या डावीकडे जातो.) हे खामगाव, घाटाखालचं. इथं "मले कायले इचारता बा?" म्हटलं की मांडव डोक्यावर घेतात. (उजवीकडे जातो.) हे देऊळगाव राजा, घाटावरचं. इथं तेच वाक्य टाकलं की लोक कौतुकानं बघतात, पाहुणे कुठले म्हणून. जालना इथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळं "कामून इचारता?" म्हणावं लागतं. खामगावहून बुलढाण्याकडं येणारी गाडी बोथ्याच्या घाटात ज्ञानगंगा अभयारण्यातून चढत असते आणि मागच्या सीटवर कलावंत पुटपुटत असतो, 'कायले' काढा, 'कामून' घाला.

याच जंगलात 2019 च्या अखेरीस एक वाघ आला होता. यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला, 1,300 किलोमीटरपेक्षा जास्त चाललेला, आणि एकटाच. एकपात्रीच म्हणायचा तो! जाण्यायेण्याचा खर्च त्यालाही कुणी दिला नाही. पण त्याच्या आधी सत्कार झाले नाहीत, एवढं त्याचं नशीब.

(उपरणं गळ्यात घालून सूत्रसंचालक होतो.) "आता आपल्या मंडळाचे आधारस्तंभ... त्यांचा सत्कार आपल्या मंडळाचे दुसरे आधारस्तंभ करतील!" मंडळाला खांब किती ते मांडव घालणाऱ्यालाही ठाऊक नसतं. सातचा कार्यक्रम पावणेनऊला सुरू होतो. रात्री 10 ला भोंगा बंद, हा कायदा. दोन तासांच्या प्रयोगाचा सव्वा तास करायचा आणि वगळलं काय हे कुणाला कळू द्यायचं नाही.

मांडवातला हशाही हप्त्यानं येतो. पुढचे लगेच हसतात. मागचे आधी शेजाऱ्याला विचारतात, "काय म्हनला थो?" आणि मग हसतात. तेवढ्यात कलावंत पुढचं वाक्य बोलला तर ते वाया गेलं. पहिला हशा ओसरू द्यायचा, दुसरा येऊ द्यायचा, तो उतरणीला लागला की तोंड उघडायचं. फार थांबलं तर लोकांना वाटतं, विसरला.

मागच्या रांगेला कसं धरावं हे वऱ्हाडी मुलखात गाडगेबाबांनी दाखवून ठेवलंय. ते कीर्तनात सारखे प्रश्न विचारत आणि माणसं मोठ्यानं उत्तरं देत. उत्तर द्यायचं म्हटल्यावर झोपायची सोयच नाही. हसता हसता आपलीच अंधश्रद्धा आपल्याच तोंडून बाहेर पडायची.

आणि एका अंगात अनेक माणसं कशी बसवावीत, हे शिकायला लक्ष्मण देशपांडे. विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणारा हा प्राध्यापक 1979 पासून 'वऱ्हाड निघालंय लंडनला' करू लागला. तीन तास, 52 पात्रं, माणूस एक. 2004 मध्ये गिनीज बुकात नोंद झाली. (उपरणं डोक्यावरून पदरासारखं घेतो, लगेच काढून खांद्यावर टाकतो.) लोकांना उपरणं दिसतं, पण खरी मेख नजरेत. सासरा उंच असेल तर सून बोलताना वर बघणार, सासरा बोलताना खाली. एकदा का दोघं एकाच उंचीवर बघायला लागले, की सासरा कोण नि सून कोण, हे त्या दोघांनाही कळत नाही.

आता घरातलं उदाहरण. खामगावचे पुरुषोत्तम बोरकर. 2019 मध्ये गेले. त्यांची 'मेड इन इंडिया' ही कादंबरी वऱ्हाडी बोलीत, पंजाबराव गरसोळीकर पाटलाच्या तोंडून सांगितलेली. दिलीप देशपांडे यांनी ती एकपात्री म्हणून रंगमंचावर आणली. ती जमली, कारण पंजाबराव शिकलेला आहे, गावाकडं डोळे उघडे ठेवून बघतो आणि स्वतःलाही सोडत नाही. त्याच्या बोलीला कुणी हसत नाही. तो जे बघतो त्याला हसतात. टीव्हीवर मात्र वऱ्हाडी पात्र आलं की त्यानं दोनदा "काहून बे" म्हणायचं आणि लोकांनी हसायचं, असा करारच झालाय जणू. ते हसणं मुंबईत चालत असेल. खामगावात "काहून" म्हटल्यावर कोण हसणार? तिथं तो विनोद नाही, साधा प्रश्न आहे. ज्यांची बोली, त्यांच्यासमोर ती बोलून हसवायचं म्हणजे बोलीच्या खाली काहीतरी माल लागतो.

तो माल म्हणजे गावातलीच माणसं, आणि पंचाईत तिथंच होते. सरपंचाची नक्कल सुरू झाली की पहिल्या रांगेतले सरपंच सगळ्यांत मोठ्यानं हसतात. ग्रामसेवक हसत नाही, तो सरपंचांकडं बघत असतो. प्रयोग संपतो. सरपंच मंचामागं येतात, पाठीवर थाप मारतात.

(सरपंच होतो. आवाज खाली आणतो.) "भाऊ, एक सांगा. थो सरपंच तुमी शेजारच्या गावातला घेतला नं?"

(पुन्हा कलावंत. क्षणभर विचार करतो. मानधनाचं पाकीट अजून सरपंचांच्या खिशात आहे.)

"हौ जी. थोच."

(अंधार.)