धूर गेला, पाऊस राहिला

लेस्टरमध्ये व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं विटांचं घर घेतलं की त्यासोबत धुराडं पदरात पडतं. शेगडी आधीच्या मालकाने कधीच बुजवलेली असते. १६६२ साली इंग्लंडात चुलीगणिक वर्षाला दोन शिलिंग कर बसला. १६८९ मध्ये तो रद्द झाला. धुराड्याने वसुली सोडलेली नाही.

माडीवरच्या भिंतीला तपकिरी डाग पडतो. मराठी गृहस्थ आधी रंगाचा डबा आणतो. डाग रंगातूनही वर आला की पुण्याहून सासरे व्हिडिओ कॉलवर निकाल देतात, “सिमेंट थापा, विषय संपवा!” त्यांनी गच्ची अशीच सांभाळलेली, त्यामुळे उलट बोलायची सोय नाही.

पण या जुन्या मऊ विटा चुन्यात बसवलेल्या. चुना ओल घेतो आणि वाऱ्यावर सोडूनही देतो. दरजांत कडक सिमेंट भरलं की पाणी विटेत कोंडतं, गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि विटेचा दर्शनी पापुद्रा अंगणात येऊन पडतो. म्हणून दरजा दोन-अडीच सेंटिमीटर खरवडून पुन्हा चुन्यानेच भरायच्या.

त्याआधी गुन्हेगार शोधायला हवा. संशयित मुख्यतः दोन: धुराडं छपराला भेटतं तिथला शिशाचा पत्रा आणि माथ्यावरचा तडकलेला गिलावा. कोरड्या दिवशी कारागिराने पाइपचं पाणी खालच्या सांध्यापासून सावकाश वर न्यायचं. माळ्यावर एकाने टॉर्च घेऊन बसायचं. वरून सुरुवात केली तर सगळेच सांधे भिजतात आणि सगळेच आरोपी ठरतात.

“आलं का?”

“काय?”

“पाणी!”

“कुठलं पाणी?”

शेजाऱ्यांना मराठी येत नाही, हे बरं.

कधी पाऊस नसतानाही डाग गडद होतो. तेव्हा गळती नसतेच. काजळीतले क्षार हवेतली ओल ओढत असतात. अशा बंद धुराड्याला वर पाऊस अडवणारी, हवा सोडणारी टोपी लागते आणि खाली खोलीत एक जाळी.

मुहूर्ताचं म्हणाल, तर पारा पाच अंशांखाली जाऊ लागला की चुन्याचं काम करू नये. गळती ध्यानात येते नोव्हेंबरात, काम होतं एप्रिलनंतर. तोवर माळ्यावर बादली.

परांची भाड्याने येते आणि ते भाडं जड असतं. तेव्हा पत्रा, दरजा, माथा आणि टोपी एकाच परांचीत उरकून घ्या.