उसनवारीचा सीझन

हौशी वेब मालिकेचा पहिला सीझन संपला की दिग्दर्शकामागे पहिलं काम लागतं ते वस्तू परत करण्याचं. पडद्यावर आमच्या मालिकेतलं बिऱ्हाड भरलेलं दिसतं. प्रत्यक्षात त्यातली आरामखुर्ची एका घरची, पितळी डबे दुसऱ्या घरचे आणि भिंतीवरचे हार घातलेले आजोबा तिसऱ्याच घरचे. आजोबांना पोचवायला गेलो तेव्हा त्यांच्या सूनबाईंनी आधी काच पुसून पाहिली, मग विचारलं, "किती भागांत होते हो आमचे मामंजी?" सगळ्या भागांत, म्हटल्यावर चहा मिळाला. एवढी हजेरी आमच्या नायकालाही जमलेली नाही.

नायक बँकेत आहे. मार्चअखेर तो घरच्यांना दिसत नाही, तिथे आम्हाला काय दिसणार? म्हणून कथेत त्याला नोकरी शोधायला मुंबईला धाडला. एप्रिलात परतला तो बहिणीच्या लग्नासाठी दाढी सफाचट करून. मग आईच्या तोंडी नवसाचं एक वाक्य घालावं लागलं. तेही स्वयंपाकघरातून नुसता आवाज, कारण आईचं काम करणाऱ्या बाई त्या दिवशी मिरजेला होत्या आणि वाक्य त्यांनी मोबाइलवर बोलून पाठवलं होतं. एका जाणकारांनी सांगितलं की न दिसणाऱ्या आईचा तो आवाज फार सूचक आहे. मी मान डोलावली. अशा वेळी लेखकानं नम्र राहावं.

आम्ही सांगलीचे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथेच 'सीतास्वयंवर' रंगवलं, त्यामुळे या गावात नुसता मोबाइल आडवा धरला तरी खांद्यावर परंपरा येऊन बसते. पण भाव्यांच्या पाठीशी चिंतामणराव पटवर्धन होते, सांगलीचे संस्थानिक. आमच्या पाठीशी गावभागातल्या एक काकू. त्यांनी वाडा दिला, भाडं घेतलं नाही, अट एकच घातली: साडेअकराला पाण्याची मोटर लागणार, मग कुणी रडत असो की मरत असो.

'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी दादासाहेब फाळक्यांना तारामती मिळेना, म्हणून उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना लुगडं नेसवावं लागलं. ही १९१३ सालच्या चित्रपटाची गोष्ट. आता काळ एवढा पालटलाय की बायका वेळेवर हजर आणि पुरुष बेपत्ता. घरमालकाचं काम घेतलेले गृहस्थ ऐन वेळी भाच्याच्या वास्तुशांतीला गेले, तेव्हा काकूच घरमालकीण झाल्या. त्यांना अभिनय शिकवावा लागला नाही; थकलेल्या भाड्याचा विषय काढला की पुरे. फाळक्यांच्या चमूचा स्वयंपाक त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करत. काकूंनी तोही वसा घेतला, फक्त त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या आम्हाला संवादांच्या मधे बसवाव्या लागल्या.

बाकी शास्त्र आम्ही गरजेपुरतं शिकलो. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, त्यामुळे जुनी ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. डोळ्याला कळत नाही, पण कॅमेऱ्यात पट्टे सरकू लागतात. शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर ठेवलं की ते जातात. आवाज दुसऱ्या मोबाइलवर, नटाच्या खिशात. म्हणून दृश्याआधी टाळी वाजवायची. नंतर लॅपटॉपवर टाळीचं चित्र आणि टाळीचा आवाज जुळवले की संवाद ओठांवर बसतात. वाड्यातली पोरं टाळी ऐकून गप्प बसायला शिकली. भंगारवाला शिकला नाही. नायिका कायमचा निरोप घेते त्या क्षणी बाहेरून "भंगाऽऽर" ऐकू येतं, आणि ते तसंच ठेवावं लागलं, कारण नायिकेला खरोखरच पुण्याला नोकरी लागली होती आणि ती संध्याकाळच्या गाडीने निघाली होती.

किती लोकांनी पाहिलं, असं सगळे विचारतात. नातेवाईक सोडून किती, असं त्यांना म्हणायचं असतं. आकडा समाधानकारक आहे. नातेवाईक भरपूर आहेत.

मला मात्र दुसरीच गोष्ट नवलाची वाटते. पगारी कामावर माणूस आला नाही तर कारण विचारता येतं. इथे तो आला, की का आला असं विचारावंसं वाटतं. आठवड्याची एक सुट्टी, तीत दळण, पोराचा अभ्यास, सासुरवाडी, आणि तरी साडेसातला ही मंडळी इस्त्रीचे कपडे पिशवीत घेऊन दारात उभी. करार नाही, मानधन नाही, वर स्वतःच्या गाडीतलं पेट्रोल. खुर्ची परत देता येते. रविवार कसा परत देणार? मी एवढंच केलं, शेवटची श्रेयनामावली सावकाश सोडली. संकलन करणारा म्हणाला, लोक इतका वेळ थांबत नाहीत. खरंय. पण ज्यांची नावं असतात ते थांबतात, आणि आमच्याकडे तीच संख्या मोठी आहे.

दुसऱ्या सीझनच्या अटी यायला लागल्यात. काकूंना कथेत भाडेवाढ हवी आहे. नायकाचा परवा फोन आला: "मारू नकोस. मार्चमध्ये कोमात ठेव, एप्रिलात शुद्धीवर येतो." कथा अजून सुचलेली नाही, पण काकूंच्या माळ्यावरची लोखंडी कॉट मी बघून ठेवली आहे. मार्चमध्ये मोकळा असणारा डॉक्टर तेवढा मिळायचाय.