झिजण्याआधी म्हातारे

पुण्याच्या कर्वेनगरातल्या गाड्यांचे टायर झिजत नाहीत, म्हातारे होतात. दुकानातली बोलणी मात्र सगळी झिजेची: हा पन्नास हजार किलोमीटर जाईल, तो साठ हजार. ऐकणाऱ्याची मान डोलते, कारण आकडा मोठा आहे आणि ऐकायला फुकट मिळतोय. पण जी गाडी वर्षाकाठी चार-पाच हजारांच्या पुढे पळत नाही, तिला साठ हजारांचा टायर घालायचा म्हणजे त्याच्याकडून बारा-पंधरा वर्षांची नोकरी गृहीत धरायची. इथल्या घरगुती गाडीचा दिनक्रम बघा. भाजी, क्लास, बँक, दवाखाना ही कामं स्कूटर करते. चारचाकी आठवडाभर सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असते. ज्यांना पार्किंग नाही त्यांच्या गल्लीत तर उभं राहणं हेच तिचं काम. काढली तर जागा जाईल, म्हणून काढायची नाही. मग एखाद्या रविवारी सिंहगडाचा पायथा, लग्नसराईत डीपी रस्त्यावरचं एखादं कार्यालय, आणि मे महिन्यात एकदम कोकण. १९०० साली, म्हणजे महर्षी अण्णासाहेब कर्व्यांनी आपला आश्रम इथे, तेव्हाच्या हिंगण्याच्या माळावर आणला त्याच वर्षी, तिकडे फ्रान्समध्ये मिशेलिन या टायर कंपनीने प्रवाशांसाठी एक मार्गदर्शिका छापली. लोकांनी गाड्या बाहेर काढाव्यात, गावोगाव हिंडावं आणि टायर झिजवावेत, हा त्यातला सरळ हिशोब. उपाहारगृहांना तारे देणारी ती प्रसिद्ध मार्गदर्शिका हीच. कर्वेनगरात हा हिशोब फसला असता. इथे चांगली मिसळ चालत जाण्याच्या अंतरावर मिळते.

अण्णासाहेब स्वतः हिंगण्याहून फर्ग्युसनला शिकवायला पायी जात. ते १०४ वर्षं जगले याचं श्रेय या चालण्याला देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. त्यातलं वैद्यक कितपत खरं ते डॉक्टरांनी ठरवावं. टायरच्या बाबतीत मात्र ते शंभर टक्के रसायनशास्त्र आहे. रबराचे दोन शत्रू, हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन. दोघं मिळून रबराला हळूहळू कडक करतात आणि मग त्याला भेगा पडतात. हे लांबवण्यासाठी कारखान्यात रबराच्या मिश्रणात मेण आणि ओझोनला अडवणारी रसायनं घालतात. टायर फिरतो, दबतो, पुन्हा फुगतो, तशी ती आतून पृष्ठभागावर येत राहतात. जुन्या टायरच्या कडेला जो तपकिरी रंग दिसतो तो बराचसा या रसायनांचाच. पण हे सगळं टायर हलला तर. महिनोन् महिने एकाच जागी उभ्या असलेल्या गाडीत औषध आतच बसून राहतं आणि कातडी बाहेर वाळत जाते. त्यावर आपण काय करतो, तर गाडी धुणाऱ्याकडून टायरला काळं पॉलिश मारून घेतो. लग्नाच्या मोसमात केसांना कलप लावण्याइतकाच त्याचा आरोग्याशी संबंध. खरी परिस्थिती बघायची तर खाली बसून टायरची कड रिमजवळ अंगठ्याने दाबावी. तिथे केसासारख्या बारीक भेगांची जाळी दिसली, तर वरची नक्षी कितीही ठसठशीत असू दे, म्हाताऱ्याची वेळ झालेली आहे.

आपला सगळा भरवसा असतो तो या नक्षीवर. कोणी तिच्यात नाणं उभं करून बघतो, कोणी नख घालतो. कायदाही खोलीच मोजतो. मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेलेली चालत नाही, आणि तेवढी उरली हे सांगणारे छोटे उंचवटे कंपनीने खाचांमध्येच ठेवलेले असतात. हा नियम योग्य आहे. पावसात रस्त्यावरचं पाणी बाजूला सारायचं काम त्या खाचाच करतात. २०२३ साली समृद्धी महामार्गावर अपघात वाढले, तेव्हा परिवहन खात्याने महामार्गावर चढण्याआधीच टायर तपासायला घेतले आणि गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवल्या. त्याबद्दलही तक्रार नाही. पण झीज हे कष्टाचं माप आहे, वयाचं नव्हे. बसून म्हातारा झालेला टायर अशा प्रत्येक परीक्षेत पहिला येतो. त्याची नक्षी कोरी, अंगावरचे ते बारीक रबरी केससुद्धा शाबूत. आणि हे केस हाच नवेपणाचा पुरावा मानणारी मंडळी आपल्यात थोडीथोडकी नाहीत.

वयाचा दाखला टायरवरच कोरलेला असतो. कडेला डीओटी अशी अक्षरं असतात, त्यापुढे सांकेतिक मजकूर आणि शेवटी लंबगोलात चार आकडे. २३२४ असेल तर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला जन्म. दुधाच्या पिशवीवरची तारीख उजेडात धरून वाचणारं, ब्रेडच्या पुड्यांच्या ढिगातला तळाचा पुडा उपसून काढणारं हे पुणं टायरवरचे चार आकडे मात्र वाचत नाही. त्यात एक गोम आहे. पूर्ण तारीख बहुधा टायरच्या एकाच बाजूला असते, आणि बसवताना ती आतल्या बाजूला गेली की पुढची सगळी वर्षं तिचं दर्शन फक्त गाडीखाली आडवं पडणाऱ्याला. म्हणून तारीख बघायची ती टायर रिमवर चढण्याआधी. बाकी निवडीसारखं फारसं काही उरलेलंच नसतं. १८५/६५ आर १५ ८८ एच हा मंत्र गाडी बनवणाऱ्याने आधीच ठरवून ठेवलाय: रुंदी १८५ मिलिमीटर, कडेची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रचना रेडियल, रिम १५ इंची, ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलो भार, आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतची परवानगी. संध्याकाळी सात वाजता कर्वे पुतळ्यापासून वारज्याकडे निघालेल्याने या शेवटच्या अक्षराकडे बघून खुशाल हसून घ्यावं.

आता आक्षेप. सगळ्यात आवाजी आक्षेप कंपनीनिष्ठांचा: तारीखबिरीख ठीक आहे, पण माल कोणाचा? इथे निष्ठा वंशपरंपरागत असतात. वडिलांच्या फियाटला जे टायर होते तेच मुलाच्या गाडीला. त्यात देशी-परदेशीचा वाद निघाला तर बघायलाच नको. आपल्याला अस्सल देशी वाटणारी सिएट मूळची इटलीतल्या तुरिनची, १९२४ सालची. आणि जपानी ब्रिजस्टोनचे टायर निघतात चाकणमध्ये. गुडइयरचा कारखाना वाळूजला आहे. १९४६ साली मद्रासेत खेळण्यातले फुगे बनवत सुरू झालेल्या एमआरएफचा एक शेअर जून २०२३ मध्ये लाखाच्या पुढे गेला. तेवढ्यात मजल्यावरच्या तीन-चार गाड्यांना चारी टायर आले असते. कंपनी फुग्यांकडून टायरांकडे गेली, आपले खड्डे टायरला उलट फुग्याकडे नेतात. (कडेला असा फुगा आला तर मात्र वयबिय बघत बसू नये. आतले धागे तुटलेले असतात, टायर आजच काढायचा.) कंपनी-कंपनीत फरक नसतो असं नाही. ओल्या रस्त्यावरची पकड वेगळी असते, आवाज वेगळा असतो. पण नावाजलेल्या चार-पाच कंपन्यांच्या टायरांमधला फरक सहा वर्षं उभं राहून वाळलेल्या रबरात शोधायचा म्हणजे कवळी कोणत्या दंतवैद्याची यावर पैज लावण्यासारखं आहे.

दुसरा आक्षेप दुकानदाराचा, आणि तो वजनदार आहे. तो म्हणतो, साहेब, गोडाऊनमधला टायर म्हातारा होत नाही. बऱ्याच अंशी खरं आहे. थंड, अंधाऱ्या जागी, भार आणि ऊन नसताना रबर फार सावकाश बिघडतं. वर्षभरापूर्वीच्या तारखेवरून भांडण काढण्यात अर्थ नाही. पण गोडाऊन थंड आणि अंधारं होतं, की पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिलभर भाजत होतं, याचा दाखला त्या चार आकड्यांत नसतो. शिवाय टायर किती वर्षांनी काढावा यावर खुद्द उत्पादकांचं एकमत नाही. कोणी सहा वर्षं सांगतो, कोणी पाचानंतर दरवर्षी तपासून जास्तीत जास्त दहा. हा हिशोब तारखेपासून करायचा, तर तीन वर्षांपूर्वीची तारीख असलेल्या टायरची तीन वर्षं गोडाऊनने आधीच वापरलीत. ती आपण पूर्ण दराने का विकत घ्यायची? २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा दहा टक्क्यांसाठी आठवडाभर खरेदी थांबवणाऱ्या शहराला हा युक्तिवाद समजायला जड जाऊ नये.

तिसरा आक्षेप शुद्ध अंकगणिताचा. चार टायर गेले, पण डिकीतली स्टेपनी तर कोरी आहे. म्हणजे तीनच घ्यायचे, एकाचे पैसे वाचले. ही हुशारी दुकानात इतक्या अभिमानाने सांगितली जाते की ऐकणाऱ्यालाही वाहवा म्हणावंसं वाटतं. पण ती स्टेपनी गाडीबरोबर आलेली, म्हणजे काढलेल्या चौघांइतकीच जुनी, आणि जन्मात कधी फिरली नाही म्हणून दिसायला तरुण. तिला तीन नव्या टायरांच्या पंगतीला बसवायचं, म्हणजे एका चाकाची पकड वेगळी आणि भरवसा वेगळा.

उरला शेवटचा, खास कर्वेनगरी आक्षेप: गाडी चालतच नाही, मग टायर बदलायचा कशाला? ती जेव्हा चालते तेव्हा कशी चालते, त्यासाठी. अकरा महिने उभी असलेली गाडी मे महिन्यात पाच माणसं आणि सहा बॅगा घेऊन निघते, आणि येताना आंब्याच्या पेट्या वाढतात. मुंबईचं काम निघालं तर द्रुतगती मार्गावर ताशी शंभरची मर्यादा, नागपूरला जाताना समृद्धीवर एकशेवीसची. त्यातच निघताना कोणीतरी सुचवतो, ऊन फार आहे, हवा जरा कमी ठेवा. हा सल्ला नेमका उलटा आहे. हवा कमी असली की टायरची कड जास्त वाकते, जास्त वाकली की जास्त तापते, आणि वाळलेल्या रबराला नेमकं तेच झेपत नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या आकड्याइतकी हवा, तीही टायर थंड असताना, एवढंच करायचं असतं. नायट्रोजनची हौस असेल तर जरूर पुरवावी, पण साध्या हवेत तो ७८ टक्के आधीच असतो.

तारीख विचारली की काही दुकानदार नाराज होतात, काही आतून दुसरा संच मागवतात, काही उद्या या म्हणतात. उद्या जावं, दहा वर्षं निवांत असलेल्या गाडीची एका दिवसाने काही अडचण होत नाही. फक्त हा प्रश्न गाडी जॅकवर चढण्याआधी विचारावा. एकदा चारी चाकं उतरली की गाडी आणि गिऱ्हाईक दोघंही हवेत असतात, आणि मग जे टायर समोर येतील त्यांचाच आठवडा शुभ मानून घ्यावा लागतो.