शाडू

आमच्या वरच्या खोलीतल्या पोराचं कागदोपत्री नाव वेगळं आहे, पण बीजीएमआय ह्या मोबाइलवरच्या खेळात तो 'शॅडो' आहे आणि मित्रही त्याला त्याच नावानं हाका मारतात. आमच्या हिनं पहिल्याच दिवशी त्याचा 'शाडू' केला. शाडू मुखेडकडचा, नांदेड जिल्ह्यातला. लातूरला डॉक्टर व्हायला आलाय. नीट दोनदा दिली. नीट गेली नाही. सध्या तिसरी खेप.

'अवतार' हा शब्द आपण दोनच ठिकाणी वापरतो: देवाबद्दल हात जोडून आणि न विंचरलेल्या पोराबद्दल कपाळाला हात लावून. शाडूकडे दोन्ही आहेत. मोबाइलमधला अवतार रुंद खांद्यांचा, चंदेरी केसांचा, गुडघ्यापर्यंत काळा कोट घातलेला. लेव्हल थ्री हेल्मेट मिळेपर्यंत त्याच्या जिवाला चैन नसते. खोलीतला अवतार क्लासनं फुकट दिलेल्या टी-शर्टात, आणि औसा रोडनं मित्राच्या गाडीवर तिब्बल सीट, बोडक्यानं. कपडे धुवायला सांगितलं की म्हणतो, "काका, २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं की ह्या गावात. जपून वापरावं."

मोबाइलमधल्याचा थाट मात्र यूसीवर चालतो. यूसी म्हणजे खरे पैसे भरून घ्यायचे खोटे पैसे. ते खर्चून पेटी उघडायची आणि आत काय निघेल ते नशीब. एकदा रात्री अकराला तो खाली आला. "काका, तुमच्या हातानं दाबा. तुमचा हात चांगलाय." मी चष्मा लावून बोट टेकवलं. पडद्यावर वीज चमकली, धूर झाला आणि आतून निघाला तवा. म्हणजे तवाही नाही, तव्याला द्यायचा रंग, ज्याला शाडू 'स्किन' म्हणतो. शाडूचा चेहरा उतरला. "तवा? चांगलाय की," ही आतून म्हणाली. त्या खेळात तव्यावर बंदुकीची गोळीसुद्धा अडते, हे कळल्यावर तर तिनं आमच्या नॉनस्टिकला नावंच ठेवली.

२००७ साली निक यी आणि जेरेमी बेलेन्सन या दोन संशोधकांनी काही लोकांना पडद्यावर उंच अवतार दिले आणि काहींना बुटके. मग पैशांची वाटणी करायला बसवलं. उंच अवतारवाले जास्त ताठ निघाले. हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. शंभर जणांत शेवटपर्यंत टिकून 'चिकन डिनर' झालं की शाडू जिना उतरतो तोच काळा कोट घातल्यासारखा, आणि भाडं दोनशेनं कमी करायचं बोलतो. पहिल्याच मिनिटाला मेलेला असला, की "काका, लाइट बिल किती झालं?" एवढंच हळूच विचारतो. मीही आता वाढीव भाड्याचा विषय वरून "अरे, कवर दे ना भाई!" ऐकू आल्यावरच काढतो.

त्याचा पार्टनर खास नांदेड शहरातला. तो खेळात मुलगी होऊन फिरतो. का रे? तर म्हणाला, "मुलगी जखमी झाली की लोक फर्स्ट-एड आणून पायाशी टाकतात, काका. मुलगा असला की वरून बंदूक पण काढून घेतात." परभणीचा एक पोरगा दोन महिने त्याला रोज औषधं पुरवून "जेवलीस का?" विचारत होता. एक दिवस ह्याचा माइक चुकून चालू राहिला. तेव्हापासून ह्याला स्वतःची औषधं स्वतः शोधावी लागतात.

विष्णूचे अवतार दहा. शाडूचा एकच, पण तो तीनदा जन्मलेला. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारनं पबजी बंद केलं तेव्हा गेला. जुलै २०२१ मध्ये त्याच्याच जागी बीजीएमआय आलं तेव्हा जुन्या कपड्यांसकट परतला. २०२२ मध्ये तोही खेळ दुकानातून उठला, २०२३ मध्ये पुन्हा आला. "नीटला पण माणूस असाच परत येतो, काका," शाडू म्हणतो. एकदा त्याला गंजगोलाईत भाजी आणायला पाठवलं. तासाभरानं रिकाम्या पिशवीनं आला. "सोळा रस्ते येऊन मिळतात तिथं. शत्रू कुठूनही येईल. कवरच नाही."

परवा त्याचे वडील आले, धपाट्यांचं गाठोडं घेऊन. पोराकडं बघून पहिलं वाक्य, "काय अवतार करून घेतलास रे हा!" मग जेवता जेवता त्यांनी मला मोबाइलवर गावातल्या फ्लेक्सचा फोटो दाखवला. दहावीला लावलेला. शाडूचं डोकं, त्याखाली कुणाच्या तरी धडावरचा पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप आणि वर 'भावी डॉक्टर'. ते दुसरीकडं बघत असताना शाडू माझ्या कानाशी म्हणाला, "काका, ही स्किन लई महाग पडली. तीन वर्षं झाली, आबा यूसी भरायलेत."

तेवढ्यात आबांचं लक्ष त्याच्या मोबाइलकडं गेलं. लॉबीत चंदेरी केसांचा तो गडी छाती काढून उभा होता.

"ह्यो कोण हाय?"

"मीच की, आबा."

आबांनी एकदा पडद्याकडं बघितलं, एकदा पोराच्या गळ्याच्या हाडांकडं.

"ह्येला कोणती मेस लावलास?"

मेस आमच्याच हिची आहे. आबांच्या ताटात पडायला निघालेली दुसरी भाकरी तशीच आत गेली.