नव्याण्णवातली एक आणि ग्राइंडर

नव्याण्णव हा आकडा आपल्याला चपलेच्या किमतीमुळे ठाऊक. नोव्हेंबर २०१६ मध्ये फोक्सवॅगनने तो मोटारीला लावला. पोलो जीटीआय, भारतासाठी फक्त ९९ गाड्या, शोरूमची किंमत २५ लाख ९९ हजार. १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, ताकद १९२ पीएस, शून्यावरून शंभरला ७.२ सेकंदांत, आणि दारं तीन, त्यातलं एक डिकीचं. मागच्या सीटवर सासूबाईंना बसवायचं तर आधी पुढची सीट वाकवायची आणि मग सासूबाईंनी वाकायचं. त्यात महिना नोटाबंदीचा. आता या गाडीची वॉरंटी केव्हाच संपली आहे आणि मोटारवेड्यांच्या बैठकीत धर्मसंकट उभं राहिलं आहे: हिच्या मागच्या सीटा, गालिचे, एसी उपटून, आत लोखंडी केज वेल्ड करून ट्रॅकची गाडी करावी, की कापडी कव्हराखाली जपावी? एका बाजूला सोवळेकरी. गाडीवर पावसाचा थेंब पडला तर त्यांना विटाळ होतो. दुसऱ्या बाजूला ग्राइंडरपंथी. आहे ते कापल्याशिवाय आपलं झालं असं त्यांना वाटतच नाही. माझं मत ग्राइंडरच्या विरोधात आहे. पण सोवळेकऱ्यांनी टाळ्या वाजवायची घाई करू नये, कारण माझी कारणं त्यांची नव्हेत.

त्यांचं कारण एकच: दुर्मिळ आहे. ती दुर्मिळ का आहे, हे कोणी विचारत नाही. जेमतेम ९९ गाड्या खपवायच्या होत्या, तरी कंपनीला साधारण वर्षभरात किंमत १९ लाख ९९ हजारांवर आणावी लागली. सहा लाखांची सूट! ‘पोलोला पंचवीस लाख?’ म्हणून तेव्हा हसलेली मंडळीच आता ‘वारसा’ हा शब्द वापरतात. जुन्या वाड्यांचंही आपण असंच करतो. वाडा उभा असतो तोवर तो भाडेकरूंचा वाद असतो, बिल्डरने पाडला की वारसा होतो. शिवाय मोटार कंपन्यांच्या तोंडची दुर्मिळता ही दुकानावरच्या ‘आज शेवटचा दिवस’ या पाटीच्या भावकीतली आहे. १९७६ ची पहिली गोल्फ जीटीआय ५००० गाड्यांपुरतीच काढायची ठरली होती. त्या पिढीच्या साडेचार लाखांवर निघाल्या. १९९३ साली रेनोने क्लिओ विल्यम्स काढली, आत क्रमांकाची पाटी लावून. ज्यांनी ती पाटी पाहून पैसे मोजले त्यांच्या डोळ्यांदेखत पुढे दुसरी मालिका आली, मग तिसरी. ज्या फॉर्म्युला वन संघाचं नाव तिला होतं, त्या संघाचा ती घडवण्यात हात नव्हता, ही गंमत वेगळीच. आणि २०२२ मध्ये आपल्याकडे साध्या पोलोला निरोप देताना ७०० गाड्यांची ‘लेजंड’ आवृत्ती निघाली, तिचं दुर्मिळपण बव्हंशी स्टिकरांत होतं. तेव्हा निव्वळ आकडा पुढे करून कोणी ‘हात लावू नका’ म्हणत असेल, तर ग्राइंडरपंथीयांनी त्याला हसावं हे योग्यच आहे.

प्रश्न दुसऱ्या टोकाने विचारला पाहिजे. या गाडीला ट्रॅकची गरज आहे का, हे सोडून द्या; ट्रॅकला या गाडीची गरज आहे का? स्टॉपवॉचला ९९ आणि ९९,००० यांतला फरक कळत नाही. त्याला वजन कळतं, टायर कळतात, ब्रेक कळतात आणि चालवणाऱ्याचं धाडस नको तिथे उतू जातं तेही कळतं. ट्रॅकसाठी गाडी करताना काय काय निघतं ते पाहा. आधी आतल्या चौकड्यांच्या कापडाच्या सीटा जातात. हे कापड जीटीआयची ओळख आहे. १९७६ च्या गोल्फसाठी ते गुन्हिल्ड लिल्येक्विस्ट या डिझायनर बाईंनी निवडलं. आपल्याकडे लुंगीत दिसणारी चौकड जर्मनीत खानदानी ठरली ती तिथून. ग्राइंडरपंथीयाला त्या जागी एकच ताठ बकेट सीट हवी. मग गालिचे, आवाज दाबणारे थर, म्युझिक सिस्टीम, एअरबॅग. म्हणजे साध्या पोलोपेक्षा ज्या गोष्टींसाठी जास्त पैसे मोजले, त्यांतल्या बऱ्याचशा भंगारवाल्याकडे जाणार. उरलं इंजिन. पण खरी गोम त्याच्या शेजारी बसली आहे. भारतात ही गाडी फक्त सात गिअरच्या, कोरड्या क्लचच्या डीएसजी गिअरबॉक्ससह आली. त्या गिअरबॉक्सची सोसण्याची मर्यादा २५० न्यूटन-मीटर. म्हणून हेच इंजिन युरोपात हाताच्या गिअरबरोबर ३२० न्यूटन-मीटर जोर देत होतं आणि डीएसजीबरोबर २५० वरच अडवलेलं होतं. कारखान्यानेच ज्याचा कान धरून ठेवला आहे, ते इंजिन ट्रॅकवर मोकळं सोडायचं तर आधी गिअरबॉक्स बदला. तोही गेला की ९९ पैकी तुमच्या हाती उरलं ते टप्पर, चासी नंबर आणि डिकीवरची तीन अक्षरं.

आणि त्या टपराची गोष्ट तर आणखी बाकी आहे. पोलो चाकणला बनत होती. २०१० पासून २०२२ पर्यंत चाकणच्या कारखान्याने ती लाखांनी काढली. पण तीन दारांची जीटीआय बाहेरून जहाजाने आली. तीन दारांच्या गाडीचं पुढचं दार पाच दारांच्या गाडीच्या दारापेक्षा लांब असतं, मागची बाजूही वेगळ्या पत्र्याची. ट्रॅकवर गाडी भिंतीला घासली नाही असा ट्रॅकवाला अजून जन्मायचा आहे. साधी पोलो घासली, तर भोसरीपासून कुर्ल्यापर्यंत कुठल्यातरी स्क्रॅपवाल्याकडे रंगासकट दार मिळेल. घासाघीस केली तर आरसाही फुकट देईल. जीटीआयचं दार त्याच्याकडे नाही, कारण ते या देशात कधी झालंच नाही. बाकीच्या अठ्ठ्याण्णव मालकांपैकी एखाद्याची गाडी ठोकली जाण्याची वाट बघावी लागेल, आणि इतकी माया कोणत्याच क्लबात नसते. उलट चाकणच्या पोलोने हे सगळं आधीच करून दाखवलं आहे. २०१० पासून कंपनीने भारतात पोलो कप नावाची शर्यतमालिका चालवली; सुरुवातीच्या गाड्यांत चक्क डिझेल इंजिनं होती. म्हणजे ट्रॅकसाठी पोलो कशी सोलायची, केज कशी घालायची, काय तापतं आणि काय तुटतं, याचं ज्ञान पुण्या-चेन्नईच्या गॅरेजांत आहे. ते ज्ञान ज्या गाडीचं आहे, ती अजूनही जुन्या बाजारात हवी तितकी मिळते.

कायद्याचा मुद्दा रटाळ आहे, म्हणून लवकर उरकतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ आराखड्याला सोडून बदल करू देत नाही; सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं: बेकायदा बदलामागे पाच हजार रुपये, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दंड दर बदलामागे आहे हे लक्षात घ्या. ग्राइंडरपंथीयाची गाडी म्हणजे आरटीओची दिवाळी. नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे तपासणी करून नवी. सीटा नसलेली, केज घातलेली गाडी त्या साहेबांपुढे नेऊन ‘ही ९९ पैकी एक’ असं सांगण्याचा प्रयोग कोणी केलाच, तर तिकीट काढून बघण्यासारखा असेल. विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असतेच. तेव्हा ती रस्त्यावरून न्यायचीच नाही, ट्रकवर चढवायची. मावळात नाणोलीला अलीकडे ट्रॅक झाला आहे, ते बरंच झालं. पण इरुंगट्टुकोट्टईचा मद्रास मोटर रेस ट्रॅक, कोइमतूरचा कारी किंवा ग्रेटर नोएडाचा ५.१२५ किलोमीटरचा बुद्ध सर्किट गाठायचा तर पुण्याहून हजार किलोमीटरच्या वर. या हिशेबाने ही जीटीआय चाकांवर जितकी धावेल त्याच्या कितीतरी पट ट्रकवर उभी राहून प्रवास करेल.

आता आक्षेप. पहिला, आणि यातला खरा जोरदार: मोटार चालवायला असते, कव्हराखाली कुजवायला नाही. शंभर टक्के कबूल. कव्हराखालची गाडी जपली जात नाही, ती फक्त दिसत नाही. टायर उभ्या उभ्या सपाट होतात, रबरी सील सुकतात, बॅटरी मान टाकते, आणि आताच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलला हवेतलं पाणी ओढायची खोड आहे. मीटरवर ४००० किलोमीटर दाखवून मिरवणाऱ्या सोवळेकऱ्याने गाडी वाचवली नाही, तिला फक्त ताटकळत ठेवलं आहे. पण यातून ‘चालवा’ एवढंच निघतं, ‘कापा’ निघत नाही. चांगले पॅड, नवं ब्रेक ऑइल आणि बरे टायर घालून हीच गाडी नंबरप्लेटसकट ट्रॅकवर न्या, चार-पाच फेऱ्या मारा, गिअरबॉक्स तापायच्या आत बाहेर या, एसी लावून घरी या. ताम्हिणीचा घाटही तिथेच आहे, मात्र तिथे समोरून एसटी येते एवढं ध्यानात ठेवा.

दुसरा आक्षेप: ही जातच शर्यतीची, तिला शर्यतीत घालणं म्हणजे माहेरी धाडणं. इथे वंशावळ जरा तपासावी. १९८० च्या दशकात प्यूजोने २०५ टी१६ च्या २०० गाड्या काढल्या, कारण ग्रुप बी रॅलीच्या नियमाला तेवढ्या लागत होत्या. तिथे दुर्मिळता शर्यतीच्याच पोटी आली होती. पोलोच्या घराण्यातही तशी एक आहे: जागतिक रॅलीच्या नियमासाठी काढलेली पोलो आर डब्ल्यूआरसी, २५०० गाड्या, २२० पीएस. त्या रॅली पोलोने २०१३ ते २०१६ अशी सलग चार वर्षं जगज्जेतेपद नेलं. फोक्सवॅगनने त्या शर्यतीतून अंग काढून घेतल्याचं जाहीर केलं तो महिना नोव्हेंबर २०१६, म्हणजे आपल्या ९९ जणींच्या आगमनाचाच. आपल्याकडे आलेली जीटीआय ही त्या घरची चुलतबहीण. आडनाव तेच, पण आखाडा तिने पाहिलेला नाही.

तिसरा आक्षेप, ‘सगळं परत बसवता येतं’. नटबोल्टची केज असेल तर येतं. वेल्ड केलेली केज काढायची म्हणजे टप्पर पुन्हा कापायचं, आणि जे पुन्हा कापावं लागतं त्याला परत बसवणं म्हणत नाहीत. राहिला चौथा: माझी गाडी, माझे पैसे. याला उत्तर नाही आणि नसावं. हापूसच्या कैऱ्यांचंही लोणचं घालता येतं. कायदा आड येत नाही, लोणचं आंबटच होतं. शेजारी रायवळची पाटी भरून पडलेली असताना ते घातलं, एवढंच लोक बोलतात.

म्हणून निकाल असा: जीटीआय रस्त्यावर राहू द्या, आणि ग्राइंडरचा हात फारच शिवशिवत असेल तर चाकणची एक थकलेली १.२ टीएसआय पोलो घ्या, ती सोला, तिला केज घाला, तिला भिंतीला घासा. ज्यांनी हे वाचण्यापूर्वीच जीटीआयला ग्राइंडर लावला आहे, त्यांनी चौकड्यांच्या सीटा भंगारात देऊ नयेत. माळ्यावर ठेवाव्यात, उंदरांपासून जपाव्यात. गाडी विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाईक इंजिनाच्या आधी त्याच मागणार आहे.