उतरलेल्या बॅटरीचा कज्जा

रत्नागिरीत एकेकाळी घरटी एक तरी कज्जा असायचा. बांधावरचा फणस कुणाचा, पाणंद कुणाच्या मालकीची, आज्याने तोंडी दिलेली वाट नातवाने अडवावी का. कोर्टात तारखा पडत आणि त्या तारखांच्या आशेवर माणसं नव्वदी गाठत. आता भाऊबंद मुंबई-पुण्याच्या फ्लॅटांत गेले आणि भांडायला समोर कोणी उरलं नाही. तेव्हा ही पोरकी झालेली वृत्ती दारात उभ्या असलेल्या गाडीकडे वळली आहे.

ही वृत्ती जपणारा गृहस्थ बँकेतून, शाळेतून नाहीतर वीज मंडळातून निवृत्त झालेला असतो. त्याला अण्णा म्हणा, आप्पा म्हणा. नाचण्यापासून पेठकिल्ल्यापर्यंत आळीगणिक एक सापडेल. गाडी मुलाची. तो परदेशी जाताना ठेवून गेलेला. ती चालते किती? संकष्टीला गणपतीपुळे आणि लग्नसराईत फार तर लांजा. एरवी पत्र्याच्या शेडमध्ये कव्हर घालून उभी. माडाखाली कधीच नाही, नारळाचा भरवसा नाही म्हणून.

मग एका सकाळी सेल्फ मारल्यावर नुसतं टक टक टक होतं.

दुसऱ्या कुणाला रत्नागिरीत या गोष्टीचं काही वाटणार नाही. हे गावच उताराचं. गाडी घाटीला सोडायची, सेकंड गियर टाकून क्लच सोडायचा, उतार संपायच्या आत ती सुरू झालेली असते. शेजारचा मुलगा तेच सुचवतो. वर म्हणतो, "नाहीतर अण्णा, सरळ नवी बॅटरी टाका." अण्णा त्याच्याकडे असे बघतात की पोरगं चप्पल न घालताच घरी जातं.

"बॅटरी उतरलेली नाही," अण्णा काकूंना सांगतात, "ती कुणीतरी उतरवली आहे."

इथून खटला उभा राहतो. पहिला संशयित हवा. खाऱ्या दमट हवेत बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट पांढरी बुरशीसारखी पूड धरते, आणि पाठीवर साचलेल्या ओल्या मळातूनही थोडा करंट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पाझरतो. मल्टिमीटरची एक सुई टर्मिनलला आणि दुसरी नुसती बॅटरीच्या प्लॅस्टिकला टेकवली तरी आकडा हलतो. अण्णांनी तो हलताना पाहिला आणि दुपारी काकूंच्या फळीवरचा खाण्याचा सोडा गेला. ढोकळा त्या दिवशी बसका झाला. टर्मिनल मात्र चकाकले.

बॅटरी चार्ज करून आणली. १२.६ व्होल्ट, म्हणजे पोटभर. चार दिवसांनी ११.५. हवा निर्दोष सुटली.

मग अण्णांनी मीटर खरा कामाला लावला. निगेटिव्हची केबल सोडवायची आणि केबल व टर्मिनल यांच्यामध्ये मीटर बसवायचा, म्हणजे गाडीत जाणारा प्रत्येक मिलिअँपियर मीटरातून नाव सांगून पुढे जातो. वायर दहा अँपियरच्या भोकात घालायची आणि काही झालं तरी सेल्फ मारायचा नाही. सेल्फ शंभरावर अँपियर ओढतो. हे अण्णांना ठाऊक होतं, कारण पहिल्या मीटरचा फ्यूज त्यांनी याच कामी घालवला होता. त्याबद्दल ते मीटर बनवणाऱ्याला बोल लावतात.

खरी परीक्षा धीराची असते. दार बंद केल्यावरही गाडी लगेच झोपत नाही. आतले कंट्रोलर एकेक करून मिटतात, कधी वीस मिनिटं, कधी चाळीस. अण्णा स्टूल टाकून, मांडीवर वही घेऊन आकडा उतरायची वाट बघत बसतात. आकडा उतरू लागतो, आणि नेमक्या त्याच वेळी काकू छत्री काढायला मागचं दार उघडतात. दिवा लागतो, सगळी गाडी जागी होते.

"अहो, एक छत्रीच तर घेतली!"

"पुरावा नष्ट केलात," अण्णा म्हणतात, आणि वहीत वेळ पुन्हा लिहितात.

तेव्हापासून ते दाराच्या कुलपाचा खटका स्क्रूड्रायव्हरने दाबून ठेवतात. दार उघडं, पण गाडीच्या समजुतीने बंद. स्टिअरिंगखालचे फ्यूज काढायला हात आत जायला हवा ना. जाणारे-येणारे थांबतात. कुणी म्हणतं टेप बघा, कुणी म्हणतं अल्टरनेटरचा डायोड उलटा करंट खात असेल, आणि दोघांचंही बरोबर असू शकतं. अण्णा कुणाचंच ऐकत नाहीत. अधूनमधून माहिती देतात, "ही शिशा-आम्लाची बॅटरी फ्रान्समधल्या प्लांतेने केली १८५९ साली. लोकमान्य तेव्हा तीन वर्षांचे. इथेच, टिळक आळीत." त्या दोन घटनांचा संबंध काय हे विचारायची आळीत कुणाची छाती नाही.

एकेक साक्षीदार बाहेर काढला जातो. हॉर्नचा फ्यूज काढला, आकडा तसाच. वायपर, तसाच. पुढचा एक काढला आणि ०.४५ वरचा आकडा एकदम ०.०४ वर घसरला. त्या फ्यूजवर घड्याळ, टेप आणि डिकीचा दिवा. अण्णा मागे गेले, डिकी झटक्यात उघडली आणि आतल्या इवल्या बल्बला बोट लावलं. चटका बसला. बंद डिकीत तो रात्रंदिवस जळत होता, कारण त्याचं बटण खाऱ्या वाऱ्याने गंजून अडकलं होतं. पाच वॉटचा बल्ब म्हणजे चार दशांश अँपियर. पस्तीस अँपियर-अवरची बॅटरी साडेतीन दिवसांत साफ. गणित जुळलं. घरातला संडासाचा दिवा चालू राहिला तर सुनेला व्हिडिओ कॉलवर ऐकवणाऱ्या माणसाच्या डिकीत हा प्रकार!

बल्ब निघाला. आता हे इथे संपायला हवं होतं. पण वहीत तो ०.०४ उरला होता. मेकॅनिकने सांगितलं, तेवढं चालतं, पन्नास मिलिअँपियरपर्यंत सगळ्याच गाड्या खातात. घड्याळ चालायला हवं, रिमोटची वाट बघत लॉक जागं राहायला हवं. "कुणाच्या परवानगीने?" अण्णांनी विचारलं. शिवाय आता ते रोज सकाळी गाडी सुरू करतात, कान देऊन अर्धा मिनिट ऐकतात आणि पेट्रोल जळतं म्हणून बंद करतात. सेल्फने घेतलेलं तेवढ्यात परत मिळत नाही. व्होल्ट पुन्हा उतरत चाललेत, आणि अण्णांच्या चेहऱ्यावर तजेला आलाय.

"अहो, मेकॅनिक म्हणाला ना, चालवली की भरते," काकू ओटीवरून म्हणाल्या. "त्यापेक्षा एकदा भाट्याच्या किनाऱ्यापर्यंत घेऊन चला मला."

अण्णांनी बॉनेटमधून डोकं बाहेर काढलं. "निकाल लागायच्या आधी? मुद्देमाल कुणी फिरायला नेतं का!"